पलीकडचं बटण

धाकट्या साहेबांनी राउटरची पिन उपटली, तोंडातल्या तोंडात दहापर्यंत आकडे म्हटले आणि पिन पुन्हा खोचली. दिवे एकेक करून लागले, सगळे हिरवे. त्यांनी आशेनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी आपल्या पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"साइट सापडत नाही म्हणतंय. आणि फडताळही."

फडताळ म्हणजे कोपऱ्यातलं काळं खोकं. ऑफिसचे सगळे नकाशे त्यात साठवलेले असत, आणि कॉम्प्युटरवरही त्याचं नाव 'फडताळ' हेच होतं. एका शाळेच्या नव्या इमारतीचे नकाशे आज तीनच्या आत सरकारी विभागाच्या साइटवर चढवायचे होते. गेल्या वर्षात दोन मोठी कामं हातची गेली होती. हेही गेलं तर ऑफिसला टाळं लावावं लागेल, असं धाकट्यांनी कालच बायकोला सांगितलं होतं आणि मग रात्रभर कूस बदलत काढली होती.

"सकाळपासून असंच?"

"उघडल्यापासून."

मास्तर या ऑफिसातले सगळ्यात जुने नकाशेवाले. दोघा भावांचं ऑफिस एकत्र होतं तेव्हापासूनचे. दुसऱ्याची रेघ वाकडी दिसली की पुसायला सांगत, म्हणून मास्तर. ते घसा खाकरून म्हणाले, "पलीकडे एकदा विचारून बघायचं का? त्यांचं चालू आहे का तरी कळेल."

"त्याच्या दारात? मेलो तरी जाणार नाही."

हे वाक्य धाकट्यांनी नेहमीप्रमाणे मोठ्यानं, पार्टिशनकडे तोंड करून म्हटलं. प्लायवूडचं ते पार्टिशन खोलीच्या बरोबर मधून गेलं होतं. पलीकडे थोरले बसत. दोघांत वाद झाला तो एका जिन्यावरून. धाकट्यांनी काढलेल्या जिन्याची उंची चुकली होती, आणि ती चूक थोरल्यांनी भर बैठकीत, इमारतीच्या मालकासमोर दाखवली. धाकटे तेव्हा चाळिशी ओलांडलेले, पण सगळ्यांदेखत कान पिळल्यासारखं त्यांचं तोंड झालं. त्या संध्याकाळी जे बोलणं झालं ते शेवटचं. मग वाटणी. टेबलं, खुर्च्या, कपाटं, भिंतीवरचं घड्याळ, सगळं मोजून वाटलं. दाराची कुलपंसुद्धा जोडीतली, एकाच किल्लीची होती, ती एकेक घेतली. थोरल्यांनी मागच्या जिन्याकडे दार पाडलं, आणि तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

ऐकू मात्र येई. धाकटे सकाळी कुलूप काढत तेव्हा पलीकडून थोरल्यांचा खोकला आधीच सुरू असे. संध्याकाळी यांनी कुलूप लावलं तरी तो खोकला तिथंच. 'बघा, मीच जास्त राबतो' असं दाखवायची हौस, दुसरं काय! असं धाकटे म्हणत, तेही पार्टिशनकडे तोंड करून. हल्ली पलीकडे माणसांचा आवाज नसे, तेव्हा कामं आटली असणार असा अंदाज त्यांनी बांधला होता. त्याचा थोडा आनंद झाला होता हेही खरंच.

आज खोकलाही नव्हता. 'बरं झालं, तेवढीच शांतता,' असं सकाळी ते म्हणालेही होते.

नेटवर्कवाली बाई आली तेव्हा धाकट्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ती चाळिशीची, खांद्याला जड पिशवी, चष्मा डोक्यावर. तिनं कुणाला काही न विचारता मास्तरांची खुर्ची ओढून घेतली आणि पडद्यावरच्या काळ्या चौकटीत काहीबाही टाइप केलं. धाकटे तिच्या मागे उभे राहून घड्याळ बघत राहिले.

"इंटरनेट चालू आहे तुमचं," ती म्हणाली.

"चालू आहे? मग हे काय आहे?"

"नावं बंद आहेत."

धाकट्यांना ती चेष्टा वाटली. तिनं चष्मा डोळ्यांवर ओढला.

"सर, फोनमध्ये तुम्ही नाव दाबता. नंबर थोडाच पाठ असतो? तो फोन शोधतो. इथंही तसंच. साइटचं नाव टाकलं की एक मशीन त्याचा नंबर शोधून देतं. आता मी थेट नंबर टाकला तर बाहेरून उत्तर येतंय. नाव टाकलं की सगळं ठप्प. ते नंबर देणारं मशीन गप्प बसलंय."

"कुठलं मशीन?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये त्याचा पत्ता कुणीतरी हातानं भरलाय. कुणी?"

मास्तरांनी एकदा पार्टिशनकडे, एकदा धाकट्यांकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "थोरल्या साहेबांनी. हे सगळं जाळं त्यांनीच घातलं होतं."

"मला आजचं काम करू द्या," धाकटे म्हणाले. "इतिहास नंतर."

"एका मिनिटात करते. नावं बाहेरच्या मशीनला विचारायला लावते."

तिनं तसं केलं आणि विभागाची साइट खरंच उघडली. धाकट्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी हसून मास्तरांच्या पाठीवर थापही मारली. मग मास्तरांनी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेला शाळेचा नकाशा उघडला आणि धाकट्यांचं हसू मावळलं. पडद्यावर नुसत्या भिंती होत्या. दारं नाहीत, खिडक्या नाहीत, एकही जिना नाही.

"ते सगळे वेगळे नकाशे असतात," मास्तर बाईंना सांगू लागले. "यात जोडलेले. फडताळातून येतात."

"आणि फडताळ हे नाव बाहेरच्या जगाला काय ठाऊक!" ती म्हणाली. "ते घरातल्यालाच माहीत. जोडण्या सगळ्या त्या नावानंच आहेत?"

"शेकड्यांनी."

"मग एकेक बदलत बसलात तर तीन कशाला, उद्या सकाळ होईल. ते मशीनच शोधू या."

ती गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखालच्या वायरी एकेक करून हातातून सोडू लागली. ही प्रिंटरची, ही फडताळाची, ही मास्तरांची. एक करड्या रंगाची वायर उरली. ज्या भोकात ती खोचलेली होती तिथला दिवा तेवढा विझलेला होता. ती वायर भिंतीच्या कडेनं, कपाटामागून सरकत गेली आणि पार्टिशनच्या तळाशी एका भोकातून पलीकडे नाहीशी झाली.

"काखेत कळसा," बाई पुटपुटली आणि वर पाहिलं. "पलीकडे कोण असतं?"

धाकट्यांना आठवलं. कपाटाच्या डोक्यावर एक डब्याएवढं यंत्र असायचं. कपाट थोरल्यांच्या वाटणीला गेलं, आणि यंत्र त्याच्याबरोबर गेलं असणार. घड्याळावरून दिवसभर भांडलेल्या दोघांना ते मोजायचं सुचलं नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं या ऑफिसातला प्रत्येक कॉम्प्युटर पहिलं नाव विचारायला थोरल्यांच्या दारात जात होता.

"त्यानं काढली वायर!" ते ओरडले. "आजच! त्याला कळलं असणार आज शेवटची तारीख आहे. सगळं ऐकू जातं तिकडे. मुद्दाम केलंय!"

"काढली असेल किंवा पलीकडे वीज नसेल," बाई म्हणाली. "बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

डोक्यात राख घालून धाकटे निघाले. मेलो तरी जाणार नाही, हे त्यांच्या लक्षातही राहिलं नाही. ते पुढचा जिना उतरले, इमारतीला वळसा घातला आणि मागचा जिना चढले. बाई आणि मास्तर मागोमाग. भांडणाचं पहिलं वाक्य त्यांनी जिन्यातच जुळवून ठेवलं होतं.

दाराला कुलूप होतं.

तयार वाक्य तोंडात तसंच राहिलं. ते कुलपाकडे बघत राहिले. त्याच्या जोडीचं कुलूप त्यांच्या स्वतःच्या दारावर लटकत होतं. थोरल्यांनी कुलूप बदललं नव्हतं. यांनी तरी कुठं बदललं होतं? त्यांनी खिशातून आपली किल्ली काढली आणि लावून बघितली. कुलूप लगेच उघडलं.

आत टेबलं नव्हती. कॉम्प्युटर नव्हते, नकाशांच्या गुंडाळ्या नव्हत्या, माणसं बसायची त्याची एकही खूण नव्हती. फरशीवर टेबलांच्या पायांचे चौकोनी डाग तेवढे उरले होते. वाटणीतलं घड्याळ भिंतीवर चालू होतं. एका बाजूला ते कपाट, आणि पार्टिशनला लागून एक खुर्ची. खुर्चीवर चपटी झालेली उशी, शेजारी पाण्याची बाटली आणि अर्धं सोडवलेलं शब्दकोडं.

"सामान कुठं गेलं?"

मास्तर उंबऱ्यातच थांबले होते. "विकलं. धंदा बंद करून वर्ष होत आलं. तुम्हाला सांगू नका म्हणाले."

"पण तो रोज येतो! मी रोज खोकला ऐकतो."

"येतात. आपल्याआधी येतात. संध्याकाळी आपलं कुलूप लागलं की मग निघतात. मला वाटलं, घरी करमत नसेल." मास्तरांचा आवाज उतरला. "आज सकाळी दिसले नाहीत म्हणून फोन केला होता. उचलला नाही."

बाई कपाटापाशी टाचा उंचावून उभी होती. कपाटावर बोटभर धूळ होती. त्यावरचं यंत्र मात्र स्वच्छ पुसलेलं होतं, आणि पुसायचं फडकं शेजारी घडी घालून ठेवलेलं होतं. तिनं वायर हलवून बघितली. "वायर घट्ट आहे. वीजच नाही." मग तिची नजर दाराशेजारच्या बोर्डाकडे गेली. "हे काय, मेनच बंद केलाय! असं मशीन कुणी बंद करतं का? हे बारा महिने चालू ठेवायचं असतं."

"आम्ही करतो," धाकटे म्हणाले.

वडिलांचं दुकान एका रात्री जळून गेलं होतं, चालू राहिलेल्या एका पंख्यापायी. त्यानंतर घरात एकच शिस्त होती. शेवटी निघणाऱ्यानं मेन खाली ओढायचा आणि मगच कुलूप लावायचं. धाकटे आजही रोज मेन ओढत आणि अर्ध्या जिन्यातून परत येऊन खात्री करत. थोरलेही तेच करत असणार. रोज संध्याकाळी बंद. म्हणून मग रोज सकाळी येऊन चालू.

"एवढ्या एका बटणासाठी रोज यायचं?" बाई म्हणाली आणि दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून बाजूला सरकली.

धाकट्यांनी मेन वर ढकलला. यंत्रावर एक दिवा लागला, मग दुसरा लुकलुकू लागला. थोडा वेळ गेला आणि कानाशी कुणी बोलावं तसा स्पष्ट आवाज आला.

"आलं! फडताळ उघडलं! बघा, जिने आले!"

तो आवाज पार्टिशनपलीकडून, त्यांच्याच ऑफिसातल्या एका पोरीचा होता. ती ओरडतही नव्हती, साध्या आवाजात बोलत होती. तरी शब्द न् शब्द ऐकू आला. धाकटे खुर्चीत बसले. इथं बसून काय काय ऐकावं लागलं असेल, ते त्यांना आठवू लागलं. बोलणारे तेच होते, त्यामुळे सगळंच आठवलं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेमागून भीती.

त्यांनी फोन काढला. थोरल्यांचं नाव त्यांनी त्या भांडणाच्या रात्रीच फोनमधून काढून टाकलं होतं. पण बोटांनी नंबर बरोबर दाबला.

बराच वेळ वाजत राहिलं. मग वहिनींचा आवाज आला, दबका.

"भाऊजी? तुम्हाला कुणी कळवलं?"

"काय कळवलं?"

"सकाळी बूट घालताना खाली कोसळले हो. आता आत नेलंय, डॉक्टर बघतायत. काही नीट सांगत नाहीत." त्यांना हुंदका आला. "शुद्ध आहे, पण आत नेईपर्यंत एकच चाललं होतं. बटण लावायचं राहिलं, बटण लावायचं राहिलं. मी म्हटलं, अहो, घरातली सगळी बटणं बघितली. तर माझ्यावरच चिडले. कसलं बटण, मला काही कळेना."

धाकट्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"लावलं म्हणावं," ते म्हणाले. "मी लावलं. चालू आहे सगळं."

"कसलं पण?"

"त्याला कळेल."

वहिनींनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "माझं ऐकणार नाहीत ते. तुम्हीच येऊन सांगा."

इस्पितळ कुठलं ते विचारून त्यांनी फोन ठेवला. मास्तर सगळं समजल्यासारखे उभे होते. "नकाशे मी चढवतो," ते म्हणाले. "जिन्याची उंची एकदा तपासून घेतो आणि चढवतो. तुम्ही निघा."

सगळे बाहेर आले. दार ओढताना धाकट्यांचा हात सवयीनं बोर्डाकडे गेला आणि मेनवर थांबला. तो त्यांनी तसाच मागे घेतला, दार लावलं आणि किल्ली फिरवली. मग भराभर जिना उतरू लागले. अर्ध्यात पोचल्यावर थांबले आणि परत वर आले. दाराला कान लावून उभे राहिले. आत बारीक घरघर चालू होती. ती नीट ऐकून घेऊन ते निघाले.