कोकराचा डावा गाल

मालातलं वैगुण्य आधी दाखवावं, गुण मागाहून सांगावेत, हे मी दुकानात शिकलो. म्हणून आधीच सांगतो, आयुष्यातली तेवीस वर्षं मी अर्धा होतो.

मी मातीचा साचा आहे. फ्रान्समधल्या आमच्या आल्सास प्रांतात ईस्टरला घरोघर कोकराच्या आकाराचा केक करतात. त्या कोकराची डावी बाजू माझ्या पोटात आहे: एक डोळा, एक कान, एक गाल आणि अंगावरची कुरळी लोकर. उजवी बाजू माझ्या जोडीदाराकडे. आम्ही दोघे एकमेकांना भिडलो आणि वरून तारेचा चिमटा बसला, की कोकरू होतं. एकेकटे असलो, की बटणं ठेवायचं भांडं. तेही मी होऊन बसलो होतो, पण ते पुढे येईल.

माझा जन्म सूफलनहाइम गावच्या एका कुंभाराकडे झाला. बोलणं कमी, थुंकणं जास्त, असा तो माणूस. पण हात सोन्याचा. भट्टीत घालण्याआधी आम्हा दोघांना जोडून त्याने कपाळावर खिळ्याने एक तिरकी रेघ ओढली. ती माझ्यावर सुरू होते आणि जोडीदारावर संपते. "म्हणजे कुणाचा नवरा कुणाच्या बायकोला जायचा नाही," असं तो मदतनिसाला म्हणाला होता. बाजारात ढिगाने साचे असत, अर्धे अर्धे मिसळून जात. रेघ जुळली तरच जोडी खरी.

सोफी नावाच्या नवरीला लग्नात तिच्या धर्ममातेने आम्हाला भेट दिलं. सोफीच्या स्वयंपाकघरात आम्ही सदतीस ईस्टर काढले. गुड फ्रायडेला त्या घरात चूल थंड असे. शनिवारी दुपारी अंडी फेसण्याचा आवाज सुरू झाला, की फळीवर बसल्या बसल्या आमची माती तापायला लागायची. लोण्याचा हात, वर पिठाची भुरभुर, मग मिश्रण, मग ओव्हन. अकरा महिने धूळ खाऊन एका दुपारी कामाला यायचं, आणि तरी त्या एका दुपारवर वर्ष निघायचं.

साचा उघडताना सोफी चिमटा काढायची आणि दोन्ही हात आमच्यावर ठेवून म्हणायची, "ख्रिस्त उठला आहे."

तिच्या दोन मुली, सालोमे आणि धाकटी लीना, एका सुरात ओरडायच्या, "खरोखर उठला आहे!"

मगच आम्ही वेगळे व्हायचो. कोकरू बाहेर यायचं, त्यावर पिठीसाखर पडायची आणि पाठीत कागदाचं निशाण खोचलं जायचं. "हे निशाण जिंकल्याचं," सोफी सांगायची. "मारलेलं कोकरू नाही हे, उठलेलं आहे." आणि आमची रिकामी पोटं मुलींना दाखवायची, "बघा, आत कुणी नाही. थडग्यात डोकावणाऱ्या बायांनीही असंच रिकामं पाहिलं." आम्हा भांड्यांना रिकामं म्हणजे कमीपणा वाटतो. पण त्या घरात वर्षातून एकदा रिकाम्याचाच मान असे.

एकदा कोकराचा डावा कान माझ्यातच चिकटून राहिला. मुली रडवेल्या झाल्या. त्यांचे वडील पाइप बाजूला काढून म्हणाले, "पेत्र येऊन गेला वाटतं तलवार घेऊन." बागेत येशूला धरायला आलेल्या चाकराचा कान पेत्राने छाटला होता, ती गोष्ट. ती थट्टा त्या घरात इतकी रुळली, की कुणाच्या कोटाचं बटण तुटलं तरी नाव पेत्राचंच.

१९५८च्या मार्चमध्ये सोफी गेली. वडील आधीच गेले होते. दफनानंतर दोन्ही बहिणी वाटणीला बसल्या. चादरी, तांब्याची पातेली, भिंतीवरचं घड्याळ, सगळं सुरळीत झालं. मग सालोमेने फळीवरून आम्हाला उचललं.

"हा माझ्याकडे. थोरली मी आहे."

"थोरली?" लीना म्हणाली. "पाच वर्षं आईची कूस बदलताना कुठे होती ही थोरली?"

"मला दुकान होतं."

"हो ना. आणि मला आई होती."

सालोमे तिखट बाई. एमिलशी लग्न करून तिने शेजारच्या गावातलं त्याचं सुई-दोऱ्याचं दुकान हाती घेतलं, आणि तो गेल्यावर एकटीने चालवलं. समोरच्याला शेवटचा शब्द बोलू द्यायचा नाही, ही तिची खोड. तिने चिमटा उपसला आणि माझा जोडीदार लीनाच्या मांडीवर टाकला. "घे मग! निम्मा तुझा, निम्मा माझा. झालं समाधान?"

तिला वाटलं होतं, लीना हसेल, किंवा रडेल, किंवा दोन्ही अर्धे फेकून देईल. लीनाने जोडीदाराला एप्रनमध्ये गुंडाळलं, उठली आणि चालू पडली. मी टेबलावर पोट वर करून पडलो होतो. इतकी वर्षं दुकानात बसून माणसं पाहिली, एक गोष्ट सांगतो. रागात बोललेलं कुणी खरं धरत नाही, असं समजू नका. कुणीतरी धरतंच.

तेव्हापासून मी सालोमेच्या गल्ल्याशेजारी बटणं सांभाळत बसलो. शिंपल्याची बटणं, हाडाची, पुढे प्लास्टिकची. किल्ल्यांचा जुडगाही ती माझ्यातच फेकायची, त्याने कानाजवळ माझी कड उडाली. गिऱ्हाइकं विचारत, "सालोमेबाई, हे अर्धं कोकरू कसलं?" ती सांगे, "अर्ध्याला लांडग्याने नेलं." लोक हसत. ओढ्यापलीकडच्या गावी, चालत अर्ध्या तासावर, तो लांडगा राहत होता. लीनाने थेओशी लग्न केलं होतं. तो रेल्वेत फाटकवाला.

दोन्ही गावांना चर्च एकच. ईस्टरच्या सकाळी सगळे एकमेकांचा हात हातात घेऊन म्हणत, "ख्रिस्त उठला आहे." या दोघी मात्र अशा शिताफीने गर्दीतून निघत, की साठ माणसांना हात दिला तरी एकमेकींची वेळ यायची नाही. हे मी पाहिलं नाही, पण दुकानात कोण काय बोलत नाही?

एका वर्षी लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, नवे पाळक हुन्सिंगर बुटाच्या नाड्या घ्यायला आले. तरुण माणूस, कोटाची कोपरं झिजलेली. त्यांनी मला उचललं, बटणं खुळखुळवली आणि सरळ विचारलं, "दुसरा अर्धा लीनाबाईंकडे ना?"

"गावाने सांगितलं वाटतं," सालोमे म्हणाली. "असू दे. आमचं बोलणं वर होईल, पाळकसाहेब. शेवटल्या दिवशी सगळे उठणारच आहेत. आम्हीही उठू, मग बघू."

"तुमची कबरीची जागा एकच आहे, ठाऊक आहे ना? आईशेजारी तुम्ही दोघी."

"मग?"

"मग शेजारी शेजारी उठाल. आधी 'सुप्रभात' कोण म्हणणार?"

सालोमेला हसू आलं, ते तिने दाबलं. "काळ्या नाड्या की तपकिरी?"

"काळ्या. बाई, पुनरुत्थान म्हणजे तळघरातला मुरांबा नव्हे, वरच्या फळीवर ठेवून द्यायचा आणि पाहुणे आले की काढायचा. तो उठला नसता, तर तुमचं बरोबर होतं. मेलं ते मेलं, तुटलं ते तुटलं. पण तो उठलाय असं तुम्ही दर रविवारी उभं राहून म्हणता. मग थडग्यावरचा दगड तर बाजूला झालाय. आता तुम्हीच तो परत लावून त्याला टेकून बसला आहात."

"तुम्हाला बहीण आहे?"

"नाही."

"म्हणून बोलता," असं म्हणून तिने नाड्या गुंडाळल्या. पण ते गेल्यावर तिने मला हातात घेऊन बटणांतून किल्ल्या काढल्या. किल्ल्यांचा जुडगा त्या दिवसापासून दुसरीकडे गेला.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी दुपारी तिने दुकान बंद केलं. तेवीस वर्षांत शनिवारी दुपारी ती कडी कधी लागली नव्हती. बटणं डब्यात ओतली, मला वर्तमानपत्रात गुंडाळलं, चांगला कोट घातला. पुलावर पावलं मंदावली, पण थांबली नाहीत. मी कागदाच्या आत जीव मुठीत धरून होतो. हिला वळायचंय की चालायचंय, हे पावलांवरून कळतं. ही चालणारी पावलं होती.

लीनाच्या फाटकाशी ती पोचली, कडीवर हात गेला, आणि आतून वास आला. अंडी, लोणी, साखर. कोकराचा वास.

सालोमेचा हात कडीवरून खाली आला. "नवा आणला तर," ती पुटपुटली. "तिला कशाला हवा हा?" आणि वळली.

मला तोंड असतं, तर मी ओरडलो असतो. बाई, हा वास नव्या साच्याचा नाही! माझ्या जोडीदाराची माती मी हजारांत ओळखतो. पण आमचं बोलणं म्हणजे वर्षातून एका दुपारचं कोकरू, आणि तेही भाजल्यावर. घरी येऊन तिने बटणं परत माझ्यात ओतली, एकेक मूठ.

नोव्हेंबरात लीना गेली. सकाळी विहिरीपाशी बसली, ती उठली नाही.

दफन झाल्यावर सालोमे कबरीपाशीच उभी राहिली. नंतर तिने हे थेओला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. पुनरुत्थानाचे शब्द तिने शेकडो दफनांत ऐकले होते, हातमोजे नीट करत. त्या दिवशी पहिल्यांदा तिला त्यांची गरज पडली. पाळक जवळ आले, तशी ती म्हणाली, "हे खरं असायलाच हवं. नाहीतर मला तिला भेटायला जागाच उरली नाही."

"खरं आहे," ते म्हणाले. थट्टा नाही, उपदेश नाही. "पण बाई, थेओच्या घरी आज चूल पेटवायला कुणी नाही, हेही खरं आहे."

ती दुकानात आली, मला उचललं आणि गेली. या वेळी फाटक उघडलं.

थेओ अंधारत्या स्वयंपाकघरात टोपी घालूनच बसला होता. तिने आधी चूल पेटवली, बटाट्याचं सूप टाकलं, मग मला टेबलावर ठेवलं. तो उठला आणि कपाटातून माझा जोडीदार घेऊन आला. आमची कपाळं समोरासमोर आली. रेघ तेवढी जुळली.

"नवा साचा कुठे आहे?" सालोमेने विचारलं.

"कसला नवा? ती यातच भाजायची. तळाला पत्र्याचा तुकडा लावायची, साचा आडवा ठेवायची, मग अर्धं कोकरू व्हायचं. दरवर्षी दोन. दोन्ही उजवेच की, जुळणार कसे? तरी आलुबुखाराच्या जॅमने चिकटवायची. एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. स्वतःच हसायची. म्हणायची, ताईने पाहिलं तर म्हणेल, लीनाला अजून जमत नाही."

सालोमे खुर्चीवर बसली.

"यंदा तुम्ही फाटकापर्यंत आला होता, सालोमेताई. ती खिडकीतून बघत होती. मी म्हटलं, अगं, हाक मार! तर म्हणाली, नको, तिला घाई केली की ती पळते. कडी ती स्वतः काढेल." थेओने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुम्ही गेल्यावर म्हणाली, असू दे, पुढच्या ईस्टरला येईल. आयुष्यभर फाटकं उघडली मी. एक तेवढं उघडायला उठलो नाही."

सूप उतू गेलं. कुणी उठलं नाही.

पुढच्या ईस्टरच्या शनिवारी सालोमेने त्याच चुलीवर आम्हाला भाजलं. इतक्या वर्षांनी माझ्या पोटात मिश्रण फुगलं. पण उडालेल्या कडेतून ते ओघळत राहिलं, मी रोखू शकलो नाही. सालोमेने चिमटा काढला, दोन्ही हात आमच्यावर ठेवले आणि म्हणाली, "ख्रिस्त उठला आहे."

उत्तर लीनाने द्यायचं असे. सालोमेचे हात आमच्यावरून हलेनात. थेओ ईस्टर सोडून कधी चर्चला न जाणारा माणूस. त्याने घसा खाकरला आणि गाडी वेळेवर आहे असं कळवावं, तसा म्हणाला, "खरोखर उठला आहे."

आम्ही वेगळे झालो. कोकराला डावा कान नव्हता.

"पेत्र येऊन गेला वाटतं," थेओ म्हणाला. हे त्याला लीनाशिवाय कोण सांगणार? सालोमे हसली, आणि त्याच हसण्यात कितीतरी वेळ रडली.

आता आम्ही थेओच्या फळीवर असतो, चिमटा लावून. सालोमे दर शनिवारी दुकान दुपारी बंद करते आणि सूप घेऊन येते. दुकानात कुणी म्हणालं, "त्याच्याशी मी बोलत नाही," की ती त्या गिऱ्हाइकाला सामान देत नाही. म्हणते, आधी जाऊन ये, मग सुया घे. दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली, पण तिची हरकत नाही.

मी मातीचा आहे, धर्म मला शिकवता यायचा नाही. एवढंच सांगतो. मेलेले उठतात यावर तुमचा विश्वास असेल, तर वाट बघत बसू नका. कडी काढा. आतून कसलाही वास येऊ दे.

माझ्या जोडीदाराच्या कडेला जॅमचा एक काळा डाग आहे, वर्षानुवर्षं भाजून पक्का झालेला. सालोमेने पहिल्या वर्षी तो पुष्कळ घासला. आता ती त्याच्याभोवतीनेच फडकं फिरवते.