पडदेवालीचे ब्रेक

पडदेवालीने गाडी स्वतःच दुरुस्त करायचं ठरवलं, तेव्हा तीन माणसांनी तिला तसं करू नकोस म्हणून सांगितलं, आणि घोटाळा तिथेच झाला. या बाईला एकदा 'करू नकोस' म्हटलं, की ती गोष्ट झालीच म्हणून समजावं.

पहिला दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ. दुसरा समोरचा गॅरेजवाला, ज्याला सगळी गल्ली उस्ताद म्हणते, कारण तो स्वतःला उस्ताद म्हणतो. तिसरा कोपऱ्यावरचा न्हावी. त्याने जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती. पण सल्ला द्यायला सायकल लागत नाही.

गाडी म्हणजे एक म्हातारी व्हॅन, वडिलांची. वडील गेल्यावर ती आईच्या नावावर झाली आणि पडदेवालीच्या हाती आली. मागच्या सीटा काढून तिने तिथे शिलाई मशीन, शिडी, पडद्यांचे दांडे आणि कापडाचे तागे असा संसार मांडला. लोकांच्या घरी जायचं, खिडक्या मोजायच्या, दारातच गाडी उभी करून पडदे शिवायचे आणि टांगूनच परतायचं, असा तिचा धंदा. वेगळं दुकान तिला नव्हतंच. जे होतं ते चार चाकांवर होतं.

दादाचं फर्निचरचं मोठं दुकान होतं. "माझ्या काउंटरवर येऊन बस," तो दर आठवड्याला म्हणायचा. "डोक्यावर पंखा, बसायला खुर्ची. या वयात शिड्या कसल्या चढतेस?" तो वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाला तोंडावर नाही म्हणता येतं. काउंटर म्हणजे काय, हे पडदेवालीला पक्कं ठाऊक होतं. दादाच्या वेळेला यायचं, दादाला विचारून जायचं, आणि गिऱ्हाइकाने काही विचारलं की "थांबा, दादांना विचारते" म्हणायचं. त्यापेक्षा शिडीवरून पडलेलं बरं, असं तिचं स्पष्ट मत होतं.

येत्या शुक्रवारी गाडीची सरकारी तपासणी होती. पास झाली तरच ती रस्त्यावर राहणार. गाडीचे ब्रेक किंचाळत होते आणि गिअर टाकताना ती दात खायची. उस्तादाने बॉनेट उघडून बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "भंगार." दादाने लगेच तो शब्द उचलून आईपुढे ठेवला.

आईने दोघांनाही समोर बसवलं. "शुक्रवारी पास झाली तर गाडी हिची. मी कागदावर सही करून देईन. नापास झाली तर ती भंगारात जाईल आणि ही तुझ्या काउंटरवर. तोवर मी कोणाच्याच बाजूची नाही."

म्हणून सोमवारी सकाळी पडदेवाली वडिलांचा जुना शर्ट घालून गाडीखाली शिरली. आई दारात स्टूल टाकून बसली आणि चष्मा लावून गाडीचं माहितीपुस्तक मोठ्याने वाचू लागली. दादाने फोनवर हरकत घेतली, तर म्हणाली, "नुसतं वाचतेय. पान्याला हात लावलेला नाही."

"इंजिनाच्या तळाशी एक बोल्ट आहे," आईने वाचलं, "तो सोडून जुनं तेल काढून टाकावं."

पडदेवालीला तळाशी बोल्ट दिसला. तिने तो सोडला, घमेलं भरून तेल निघालं. बोल्ट परत आवळून तिने वरून नवं तेल ओतलं आणि ऐटीत गाडी चालू केली. पाचच मिनिटांत गल्लीत एवढा धूर झाला की न्हाव्याला गिऱ्हाइकाची दाढी अर्ध्यावर सोडून बाहेर यावं लागलं. गिअरमधून तर असा आवाज येत होता, जसं कोणी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवतंय.

उस्ताद हात पुसत आला, खाली वाकला आणि त्याने हसायला सुरुवात केली. तो थांबेचना. "ताई, अहो ताई! तो बोल्ट गिअरबॉक्सचा! गिअरबॉक्स कोरडा ठणठणीत केलात, आणि आधीच भरलेल्या इंजिनात आणखी चार लिटर ओतलंत!"

आईने पुस्तकाचं पान उलटायचा प्रयत्न केला. वंगणाने दोन पानं एकमेकांना चिकटली होती. मधल्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं, की तळाशी दोन बोल्ट असतात.

दुसरी एखादी असती तर पदर तोंडाला लावून आत पळाली असती. पडदेवालीने कमरेवर हात ठेवले आणि जमलेल्या लोकांकडे बघितलं. "हसा," ती म्हणाली. "हसतील त्यांचे दात दिसतील. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडचं तेल जागच्या जागी असेल." आणि ते होतं. त्यासाठी तिला नळीचं नरसाळं करून दोन तास उताणं पडावं लागलं आणि अर्धं तेल तिच्या केसांत गेलं, ही गोष्ट वेगळी.

मंगळवारी ब्रेक. आता इथे तिची बाजू समजून घ्यायला हवी. वीस वर्षं शिलाई मशीन चालवलेल्या बाईला एक गोष्ट रक्तात भिनलेली असते: जे कुरकुरतं त्याला तेल पाजायचं. रोज सकाळी ती मशीनच्या प्रत्येक भोकात दोन-दोन थेंब सोडायची आणि मग दिवसभर मशीन मांजरासारखं घुरघुरायचं. तिने गाडीची पुढची चाकं काढली. चाकाच्या आत एक चकचकीत तबकडी, आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारे ब्रेकचे पॅड. किंचाळत होते ते हेच. तिने मशीनची तेलाची बुधली आणली आणि प्रत्येक पॅडला प्रेमाने दोन-दोन थेंब पाजले.

चाकं परत चढवून तिने गाडी हातभर पुढे घेतली. किंचाळणं थांबलं! एकदम गप्प! "बघ आई, पाच मिनिटांचं काम," ती म्हणाली आणि गाडी बाहेर काढली.

गल्लीला उतार आहे आणि उताराच्या शेवटी उस्तादाचं गॅरेज. पडदेवालीने ब्रेक दाबला. गाडीला ते फारसं कळलं नाही. तिने जोरात दाबला. गाडी आपली सावकाश, कुणाच्या घरी चहाला निघाल्यासारखी, उस्तादाच्या टायरांच्या ढिगात शिरली. सगळे टायर गडगडत गल्लीभर पसरले. एक न्हाव्याच्या दुकानात जाऊन आडवा झाला.

या वेळी उस्ताद हसला नाही. "ब्रेकला तेल?" त्याने हळूच विचारलं. "ताई, ब्रेकला तेल लावलंत? अहो, घासायचं असतं म्हणून तर ते ब्रेक!" मग मात्र त्याला बसायला खुर्ची द्यावी लागली.

पडदेवालीने एकोणीस टायर एकटीने गोळा करून पुन्हा रचून ठेवले. तिला लाज वाटली का? वाटली, खूप वाटली. कानशिलं तापली होती. पण ती लाज तिने गल्लीला दाखवली नाही. शेवटचा टायर ठेवून ती म्हणाली, "मोजून घ्या उस्ताद. आणि आता मला नवे पॅड कुठे मिळतात ते सांगा."

बुधवारी नवे पॅड आले. एका बाजूने गुळगुळीत पत्रा, दुसऱ्या बाजूने खरखरीत काळपट थर. तिने तबकडी स्पिरिटने पुसपुसून स्वच्छ केली. मग पॅड हातात घेऊन उलटसुलट बघितले. पडदा आणि अस्तर जोडताना दोन्हींच्या सुलट बाजू आत, समोरासमोर ठेवायच्या, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. चकचकीत ती सुलट, खरखरीत ती उलट. तबकडी चकचकीत. तेव्हा पॅडची चकचकीत बाजू तबकडीकडे. याहून सरळ हिशेब कोणता?

गाडी दहा पावलं गेली आणि तिने ब्रेक दाबला. लोखंडावर लोखंड घासून असा कर्रकन आवाज झाला की गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या. गाडी तिथेच थांबली म्हणून तबकडी वाचली.

नेमका दादा तेव्हाच आला होता. त्याने उस्तादाकडून सगळं समजून घेतलं आणि बहिणीसमोर उकिडवा बसला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, ते जास्त लागलं. "पुरे आता. हात दाखवून अवलक्षण कशाला? तुला जमत नाही, त्यात कमीपणा नाही. सोमवारपासून ये दुकानात."

"दादा, पहिला पडदा शिवला तेव्हा मी बाही शिवावी तसा शिवला होता. त्यात दांडा शिरेना. तू तेव्हाही म्हणालास, जमत नाही. आठवतं?"

दादाला आठवत नव्हतं. असल्या गोष्टी म्हणणाऱ्याच्या लक्षात राहत नाहीत.

गुरुवारी तिने तबकडी घासून साफ केली, पॅड फिरवून बसवले, पुन्हा काढले, पुन्हा बसवले. पुस्तकातलं प्रत्येक वाक्य आईकडून तीनदा वाचून घेतलं. चिकटलेली पानं चाकूने सोडवली. उस्ताद दुपारी स्वतःहून आला. गाडीखाली डोकावला, चाक फिरवून बघितलं. मग खिशातून रबरी शिक्का काढला.

"तपासणीच्या फॉर्मवर दुरुस्ती कोणी केली ते लिहावं लागतं," तो म्हणाला. "माझा शिक्का मारतो. गॅरेजचा शिक्का असला की ते ब्रेकची चाचणी घेत नाहीत, नुसतं वरवर बघतात. नाहीतर तो तपासनीस भिंतीवर गाडी घालतो म्हणा ना! अन् ताई, मी तुम्हाला हसलो, त्याची भरपाई समजा."

मोह झाला. खोटं कशाला सांगा? शिक्का मारला की गाडी तिची, काउंटर संपला. तिने फॉर्म हातात घेतला आणि बराच वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिली.

"नको उस्ताद," ती शेवटी म्हणाली. "तुमची भरपाई पोचली. पण चुका सगळ्या मी केल्या, अख्ख्या गल्लीसमोर केल्या. त्या निस्तरल्याही मी. आता त्याच्यावर नाव तुमचं?" आणि तिने त्या चौकोनात लिहिलं: स्वतः. खाली सही केली, जरा मोठीच.

शुक्रवारी तपासणी केंद्राच्या आवारात गाड्यांची रांग होती. दादा आपल्या गाडीने आला होता, आई पडदेवालीबरोबर व्हॅनमधून. तपासनीस म्हणजे एक वाळका, कंटाळलेला माणूस. त्याने फॉर्म वाचला आणि दादाकडे बघितलं. "गाडी तुम्ही दुरुस्त केलीत?"

"मी," पडदेवाली म्हणाली.

"तुम्ही?" तपासनिसाने तिच्या हातांकडे बघितलं. नखांत अजून काळं होतं. "काय काय केलंत?"

रांगेतले ड्रायव्हर कान टवकारून ऐकत होते. तिने काहीही लपवलं नाही. खणखणीत आवाजात सांगितलं: आधी गिअरबॉक्स कोरडा केला, इंजिनात दुप्पट तेल ओतलं, ब्रेकला शिलाई मशीनचं तेल पाजलं, टायरांच्या ढिगात गाडी घातली, पॅड उलटे बसवले. लोक पोट धरून हसत होते. एकाला तर ठसका लागला. ती थांबली नाही. "आणि मग एकेक करून सगळं नीट केलं. तेही मीच."

तपासनिसाच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "शिक्का नाही, म्हणजे पूर्ण चाचणी," तो म्हणाला. "माझा नियम सांगतो. मी गाडी पूर्ण वेगात पळवतो आणि पिवळ्या पट्ट्यावर ब्रेक दाबतो. पट्ट्यापुढे भिंत आहे. ज्याने ब्रेक दुरुस्त केले, तो माझ्या शेजारी बसतो. बऱ्याच जणांना तेव्हाच आठवतं, की काहीतरी आवळायचं राहिलं."

पडदेवालीने भिंतीकडे बघितलं. भिंतीवर गाड्यांच्या रंगांचे ओरखडे होते. तिने मनातल्या मनात एकेक बोल्ट पुन्हा आवळला, डावीकडचे, मग उजवीकडचे. मग दार उघडून ती तपासनिसाच्या शेजारी बसली.

मागचं दार सरकल्याचा आवाज आला. आई पडद्यांचे दांडे बाजूला सारत आत चढत होती.

"आई!" दादा धावत आला. "तू कुठे? उतर खाली! हिने ब्रेकला तेल लावलं होतं, ऐकलंस ना?"

"ऐकलं. मीच तर पुस्तक वाचत होते," आई शिलाई मशीनला घट्ट धरून बसत म्हणाली.

"तू कोणाच्याच बाजूची नव्हतीस ना?"

"गुरुवारपर्यंत नव्हते." तिने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली. "हिने तीनदा काढून तीनदा बसवलंय ते. तुझ्या दुकानातल्या कपाटाचं एक दार गेली दोन वर्षं वाकडं आहे. बाजूला हो."

दादा बाजूला झाला. पडदेवालीला मागे वळून बघायचं होतं, पण डोळे भरून आले होते आणि ते तपासनिसाला दाखवायचे नव्हते. तिने समोर भिंतीकडेच बघितलं.

तपासनिसाने गाडी सोडली. दुसरा गिअर, तिसरा, आणि गिअर दात न खाता पडले. भिंत मोठी होत गेली, ओरखड्यांचे रंग वेगवेगळे दिसू लागले. पिवळा पट्टा चाकाखाली आला आणि तपासनिसाने पाय सगळा दाबला. मागे दांडे, तागे, शिडी, सगळं एकदम पुढे आलं. गाडी डावीकडे ओढली नाही, उजवीकडे नाही. सरळ रेषेत, जागच्या जागी उभी राहिली.

तपासनिसाने हातब्रेक ओढला. मग त्याने फॉर्म मांडीवर घेतला आणि तिने 'स्वतः' लिहिलं होतं त्याच्या खाली 'योग्य' असं लिहून सही केली.

"आई, लागलं का गं?" पडदेवालीने मान वळवून विचारलं.

कापडाच्या ताग्यांखालून आईचा हात वर आला. हातात पेन होतं. "मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "गाडीचे कागद दे इकडे."