माळ सकाळी, रान दुपारी

निळ्या डोक्याची टाचणी नकाशात अर्धी रुतली होती आणि तिच्या मुळाशी कागदाला एवढासा फुगवटा आला होता. लेक त्या फुगवट्याकडेच बघत राहिली, म्हणजे समोरचं बोलणं कानावर पडत असूनही आपलं लक्ष नाही असं दाखवता येत होतं. टाचणी जिथं होती तिथं हिरवा रंग संपून फिका पिवळा सुरू होत होता. इकडे खुरटं रान, तिकडे गवताचा माळ. आईनं ती ओठांतून काढून तिथं खुपसली होती. बाकीच्या अजून ओठांतच होत्या, आणि सगळं आयुष्य टाचण्या तोंडात धरून गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेल्यामुळे ती दातांच्या फटीतून अगदी स्पष्ट बोलत होती. वहिनीशी.

"भिडू, उजाडायला इथं पोचलं पाहिजे. माळ सकाळी, रान दुपारी. उलटं केलं तर पापड होईल आपला."

"पण आई, माळाच्या बाजूला गाडी ठेवायला जागाच नाहीये."

"ठेवायची कशाला? तुझा नवरा आपल्याला सोडेल आणि वळसा घालून रानाच्या टोकाला जाऊन झोपेल. झोपणं जमतं त्याला."

"पहाटे उठायचं काय?"

"त्याच्या अंगावर पाणी ओतायचं काम तुझं. त्याच्या लहानपणी मी खूप ओतलंय."

"मी ऐकतोय हं," आतल्या खोलीतून दादाचा आवाज आला.

"ऐक की. ऐकायचे पैसे नाही लावत."

तिघंही हसली. तीही हसली, पण जरा मागून, दुसऱ्यांच्या फोटोत चुकून आलेल्या माणसासारखी. भिडू. सगळं या शब्दावर येऊन अडायचं. तिला आई कधी बाळ म्हणाली, रागावली की बाईसाहेब म्हणाली, परक्यांपुढे 'आमची ही फार वाचते' असंही म्हणाली, आणि या सगळ्यात माया होती, नव्हती असं कोण म्हणेल… पण भिडू म्हणजे खेळातला. भिडू आपण निवडतो, मुलगी पदरात पडते.

आईनं मापाची टेप उचलली आणि कडेवर उभी केली. नुसती आडवी टाकली तर टेप वळणावर वळत नाही, सरळ पळते. बाहीची गोलाई मोजायची तर पट्टी उभी धरावी लागते, आणि पायवाट काय नि बाही काय, आईच्या लेखी दोन्ही गोलाईच. टाचणीपासून टाचणीपर्यंत ती पट्टी सरपटवत नेत होती, मध्येच थांबून ओठ हलवत होती आणि मग वहिनीला आकडा सांगत होती. वहिनी तो नकाशाच्या कडेला पेन्सिलीनं लिहीत होती. इथं पांढरी वाळू आहे, चाल मंदावणार. इथं त्या बुटक्या ताडांची दाटी, पानांच्या कडा करवतीसारख्या, तेव्हा पूर्ण बाह्या. माळावर मधोमध झाडांचं एक बेट आहे, चारी बाजूंनी गवत आणि मध्ये ओक वृक्षांची गच्च सावली, तिथं बसून अंडी आणि संत्री खायची. "ते बेट मला बघायचंय," आई म्हणाली. "बाकी सगळं त्याच्यासाठी."

खुर्चीच्या पाठीवर दोन विजारी लटकत होत्या. मातकट रंगाच्या, घोट्यापाशी इलॅस्टिक घातलेल्या, म्हणजे गवतातल्या गोचिड्या आत शिरायच्या नाहीत. एकाच ताग्यातल्या. दोन. तिनं मोजायचं काही कारण नव्हतं, दोन वस्तू मोजाव्या लागत नाहीत, दिसतातच. तरी तिनं मोजल्या.

"तुला काय," आई एकदम तिच्याकडे वळून म्हणाली, "उन्हात डोकं दुखतं तुझं."

हे आमंत्रण होतं का? मुद्रितशोधकाचं काम करणाऱ्या बाईला, जिचा दिवस दुसऱ्यांच्या वाक्यातला प्रत्येक स्वल्पविराम तपासण्यात जातो, तिला आपल्या आईच्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं की पूर्णविराम हे कळू नये! तिनं वाट पाहिली. आई अजून एकदा म्हणेल, टोपी घालून ये म्हणेल, चल गं नाटकं पुरे म्हणेल. पण आई कुणालाच कुठलीच गोष्ट दोनदा म्हणायची नाही.

"मला प्रुफं आहेत," ती म्हणाली.

"तेच म्हटलं," आई म्हणाली, आणि पुन्हा नकाशावर वाकली.

नंतर चहा झाला. वहिनीनं पाण्याच्या बाटल्या भरून पिशवीत घातल्या आणि ती पाठीवर टाकून स्वयंपाकघर ते दार अशा फेऱ्या मारून दाखवल्या, आई मागून "वाकतेस, वाकतेस" म्हणत होती. निघताना आई जिन्यापर्यंत आली, तिच्या कुडत्याच्या खांद्यावरचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळून तिनं तोडला आणि म्हणाली, "जा, अंधार पडायच्या आत." इतकंच. असा तो दिवस होता, त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि आता तो असा लक्षात आहे की…

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कापड बेतता बेतता आई स्टुलावर बसली आणि तिथून उठली नाही. काज-बटणं करणाऱ्या बाईनं घाबरून आईचा फोन उचलला. त्यात सगळ्यात वरचं नाव 'भिडू' होतं, म्हणून तिनं तिथं लावला. मग वहिनीनं दादाला, आणि दादाला बोलता येईना म्हणून वहिनीनंच तिला. छापखान्यातल्या लांब टेबलाशी, हातात लाल पेन, कानाशी फोन आणि फोनमध्ये वहिनीचं ते उघडं, मोकळं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं रडणं. ते ऐकताना आपल्याला पहिल्यांदा काय वाटलं, ते तिनं तेव्हापासून मनातसुद्धा पूर्ण वाक्यात येऊ दिलेलं नव्हतं.

येणारे-जाणारे यायचे. वहिनीचा हात हातात घ्यायचे. "तुमची जोडीच होती हो." तिच्याकडे वळून म्हणायचे, "तुम्ही धीराच्या." कारण ती रडत नव्हती. आपलं रडणं कुठं अडलंय ते तिलाच सापडत नव्हतं, आणि लोक त्याला धीर म्हणत होते.

आज दुकान रिकामं करायचं होतं. सकाळभर दोघींनी तागे बांधले, रिळं रंगांप्रमाणे डब्यांत भरली, शिवून तयार असलेले कपडे गिऱ्हाइकांना निरोप देऊन वेगळे ठेवले. दोघी नीट वागत होत्या. 'तुम्ही बसा, ताई.' 'नको, वहिनी, तुम्ही बसा.' लग्नाला इतकी वर्षं होऊन दोघींमधलं हे 'तुम्ही' हललं नव्हतं. आईशी मात्र वहिनी पहिल्याच वर्षी भांडायला लागली होती, आणि त्या भांडणांचाही… असो.

दुपारी ती मागच्या नळावर हात धुऊन आली तर बेतायच्या टेबलावर नकाशा पसरलेला. वहिनी वाकून उभी, आणि तिच्या हातात आईची टेप, कडेवर उभी केलेली, अगदी आईसारखी. तिचा अंगठाही आईसारखाच वळला होता. शिकली, तिनं मनात म्हटलं. हेही शिकली.

"ताई, मी जाणार आहे," वहिनी नकाशावरून नजर न काढता म्हणाली. "आईंनी ठरवलेल्याच दिवशी. आणखी उशीर केला तर माळावर पाणी चढेल, मग वर्षभर जाता येणार नाही. हे म्हणाले, वेड लागलंय तुला. पण सोडायला येतायत."

"बरं."

"फक्त एक घोळ झालाय. काल घरी मोजलं, आत्ताही मोजतेय… आईंनी सांगितलं होतं त्यापेक्षा वाट बरीच लांब भरते. प्रत्येक टप्पा जास्त येतो. असं गेलं तर रानातच अंधार होईल. म्हणून म्हटलं, माळ सोडून द्यावा. ह्यांनी थेट रानाच्या तोंडाशी सोडायचं, तेवढंच चालायचं."

ती टेबलाच्या अलीकडच्या बाजूला उभी राहिली. वहिनीनं टेपचं टोक टाचणीवर टेकवलं, पट्टी वळणावळणानं पुढे नेली, आकडा वाचला, लिहिला. पुढची टाचणी. टोक, पट्टी, आकडा. आणि तिला दिसलं. मजकुरात उलटं पडलेलं अक्षर जसं न शोधता डोळ्यांत घुसतं, तसं ते दिसलं.

त्या टेपचं टोक मुळात टोकच नव्हतं. ती शाळेत जायची तेव्हा टेपची पत्र्याची टोपी निघाली होती, पहिला इंच झिजून त्याच्या दशा झाल्या होत्या, आणि आईनं तो कापून टाकून कडेला असा बारीक दोरा घातला होता की नव्या माणसाला ती अख्खीच वाटावी. नवीन टेप आणली होती, पण ती हाताला लागत नाही म्हणून पडून राहिली. मग शाळा सुटल्यावर दुकानात बसून मापं लिहायचं काम तिच्याकडे आलं. आई पट्टीवर दिसेल तो आकडा मोठ्यानं सांगायची आणि ती एक कमी करून लिहायची. गिऱ्हाईक डोकावून म्हणायचं, अहो, पोरगी चुकीचं लिहितेय. आई टाचण्यांमधून म्हणायची, तिचं बरोबर आहे. आणि गिऱ्हाइकाच्या पाठीमागून एक डोळा मिटायची… किती वर्षं चालला होता हा खेळ! मग तिला पुस्तकं मिळाली, कोपरा मिळाला, परीक्षा आल्या, आणि आई तो एक इंच मनातल्या मनात वजा करायला लागली.

म्हणजे त्या दिवशी आईचे ओठ हलत होते ते या वजाबाकीसाठी.

आणि वहिनीला हे माहीत नव्हतं. आईनं भिडूला सांगितलं नव्हतं! तिच्या अंगातून काहीतरी गरम, गोड सरकत गेलं. टाचणीगणिक एक इंच, म्हणजे केवढी तरी वाट वहिनी उगीच चालणार होती, कागदावर. आणि त्या नसलेल्या वाटेपायी माळ सोडणार होती. सोडू दे. ते झाडांचं बेट, गवतातली ती सावली, तिथं वहिनीनं एकटीनं बसून आईची आठवण काढत संत्रं सोलायचं — नको. आई तिथं गेली नाही, मी जाणार नाही, मग हिनंच का? राहू दे ते कुणाचंच नसलेलं. मी फक्त गप्प बसायचं आहे, आणि गप्प बसणं मला आयुष्यभर जमलेलं आहे.

वहिनीनं बेरीज केली, पेन्सिल कानामागे खोचली आणि ओल्या डोळ्यांनी हसली.

"आईंचं गणित कच्चंच हो, ताई. पण किती रुबाबात सांगायच्या!"

तिनं ते हसू पाहिलं. त्यात प्रेम होतं, भरपूर होतं, आणि ते आईनं न केलेल्या चुकीवर होतं. आता ही गोष्ट वहिनी घरी सांगेल, दादा हसेल, पुढं कधीतरी मुलांना सांगितली जाईल, की आजीला मोजता यायचं नाही, पण काय झोकात बोलायची. आणि आई, जिच्या हातचा एक कपडा कधी उसवायला परत आला नाही…

"तिचं बरोबर आहे," ती म्हणाली.

"काय?"

"टेप तोकडी आहे. इंचभर. टोक कापून शिवलंय तिनं, बघा. दर टप्प्याला एक कमी करा."

वहिनीनं टेप डोळ्यांजवळ नेली. कडेच्या दोऱ्यावरून नख फिरवलं. पहिला छापलेला आकडा शोधला. मग पेन्सिल काढून एकेक आकडा खोडून शेजारी नवा लिहीत गेली, शेवटी थांबली, आणि नकाशाच्या कडेला आईनं सांगितलेल्या आकड्याकडे बघत राहिली. जुळला होता.

"माळ होतो की मग," ती हळू म्हणाली. आणि मग, टेपचं टोक बोटांत धरून, "मला कधी सांगितलं नाही त्यांनी."

"त्यात सांगण्यासारखं काय…"

"तुम्हाला सांगितलं होतं." वहिनी तिच्याकडे बघत नव्हती. "रोज त्यांच्याबरोबर असायचे मी. रोज. किती वेळा ही पट्टी धरलीय त्यांनी माझ्यासमोर. आणि मला नाही सांगितलं."

तो आवाज… शेवटचे शब्द जरा जास्तच सपाट, वर पातळ बेफिकिरी आणि खाली दातांखाली धरलेलं काहीतरी. तो आवाज तिला पाठ होता. इतकी वर्षं तिनं तो आतून ऐकला होता. दुसऱ्याच्या तोंडून तो असा लहान वाटेल, इतका केविलवाणा, हट्टी मुलासारखा, असं तिला कधी वाटलं नव्हतं. राग यायला हवा होता. हिला काय कमी पडलं होतं, सगळं तर हिनंच घेतलं… पण राग आला नाही. आली ती एक विचित्र, संकोचाची ओळख, अनोळखी गर्दीत आपल्याच कापडाचा सदरा घातलेलं माणूस दिसावं तशी.

रस्त्यापलीकडे कुणीतरी लोखंडी शटर खाली ओढलं. वहिनी टेप गुंडाळायला लागली. आता काहीतरी बोलायला हवं होतं. शहाण्या, जुळवलेल्या वाक्यांची तिच्याकडे वाण नव्हती. ती ओळीनं पुढं आली आणि एकेक करून निरुपयोगी ठरली. तिनं टेबलाची कड धरली.

"वहिनी," ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज ऐकून दचकली, तरी बोलत राहिली, "त्या दुपारी तू फोन केलास ना… तू रडत होतीस, मी ऐकत होते. मला आधी दुःख नाही झालं गं. आधी हेवा वाटला. की ती गेली, आणि हेसुद्धा तुलाच आधी कळलं."