बावन्न डेसिबल

मी एक ग्राफिक्स कार्ड आहे. कॉम्प्युटरच्या पोटात बसून खेळांमधली चित्रं पडद्यावर पळती ठेवणं हे माझं काम. दिसायला विटेसारखा, वजनालाही तसाच, आणि अंगावर तीन पंखे. त्या पंख्यांपायी मी फार बोलणी खाल्ली आहेत, म्हणून आधीच कबूल करतो: हो, मी आवाज करतो.

कारखान्यात हातमोजे घातलेल्या एका बाईने माझा शेवटचा स्क्रू पिळला, मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि खोक्यात घातलं. कुणीतरी पारखून घेतल्याची ती पहिली आठवण. पुढचं आयुष्यही पारखून घेण्यातच गेलं.

कारण ज्या घरी मी आलो, तिथे ठमीच्या आईचा उद्योगच तो होता. महागडी कार्डं मागवायची, एकमेकांसमोर उभी करायची आणि त्यातलं कुठलं घ्यावं ते लोकांना लिहून सांगायचं. खोली लहान. एका भिंतीला तिचं टेबल, दुसरीला पाळणा. पाळण्यात तीन महिन्यांची ठमी. कामाचे नियम दोनच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक चाचणी तीनदा करायची.

माझ्याबरोबर आणखी एक कार्ड आलं होतं. काळं, सडपातळ, अबोल. चित्रांच्या वेगात मी त्याला सहज मागे टाकलं. मग आवाज मोजायची वेळ आली. खिडक्या बंद, फ्रिज बंद, नवऱ्याला दम.

"शिंकायचं असेल तर आत्ताच शिंकून घे."

"श्वास घेतला तर चालेल ना?"

त्या अबोलाचे भरले अडतीस डेसिबल. माझे बावन्न. शिवाय ताण पडला की माझ्या आतून एक बारीक शिट्टी निघते, पाटीवर नख ओढल्यासारखी. नवरा कानांवर हात ठेवून बाहेर पळाला. ठमी मात्र गाढ झोपलेली.

"बघ, तिला नाही त्रास होत," आई कौतुकाने म्हणाली. "पोटात असल्यापासून हेच ऐकतेय."

माझ्याबद्दल तिने लिहिलं, 'ताकद भरपूर, पण याच्यासोबत एका खोलीत राहणं अवघड.' खरं होतं, म्हणून जास्तच लागलं. दुसरं कार्ड कंपनीकडे परत गेलं. मला कुणी परत मागितलं नाही, तेव्हा तिने मला स्वतःच्याच कॉम्प्युटरमध्ये बसवलं.

तिथून मी त्या घराचं रोजचं जगणं पाहिलं. आई सगळ्याच गोष्टींची काळजी करायची. ठमीचं वजन, पुरळ, नखं, शिंका. शेजारच्या बाळाला दात आला तर हिला का नाही? माझी केली तशीच लेकीचीही तुलना. काळजीसाठी तिने इतक्या जागा शोधल्या होत्या, की नेमकी एकच जागा मोकळी राहिली. जन्मानंतर कानांची तपासणी व्हायची होती. त्या दिवशी ठमीला कावीळ होती. 'नंतर करू' म्हणून ठेवलेला कागद फायलीत तसाच राहिला.

एकदा आजी राहायला आली. स्वयंपाकघरात तिच्या हातून पातेलं पडलं, पण ठमी डोळेही न उघडता झोपून राहिली.

"किती गुणाचं लेकरू गं! तू तर टाचणी पडली तरी घर डोक्यावर घ्यायचीस."

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. महिनोन्महिने मी तिच्यापासून चार हातांवर ओरडत होतो आणि तिने एकदाही माझ्याकडे मान वळवली नव्हती. पण सांगणार कसं? मला करता येतो तो फक्त आवाज, आणि तोच तिथे पोचत नव्हता.

ठमी दहा महिन्यांची असताना एक नवं कार्ड आलं. त्याच्याशी तुलना करायची म्हणून एका दुपारी आईने मला पुन्हा पुरता ताण दिला. ठमी रांगत आली आणि तिने मी बसलेल्या कॉम्प्युटरच्या पेटीवर तळवा टेकवला. माझी थरथर हाताला लागताच ती खदखदून हसली. हात काढला, हसू थांबलं. माझी शिट्टी तर चालूच होती.

आवाज मोजायचं यंत्र हातात धरलेली आई जागच्या जागी थिजली.

तिने ठमीचा हात पुन्हा पेटीवर ठेवला. हसू. उचलला. काही नाही. तिसऱ्यांदाही तेच. मग मला बंद करून ती लेकीच्या मागे गेली आणि टाळी वाजवली. एकदा. दोनदा. तिसऱ्या टाळीला तिचे हात एकमेकांना लागलेच नाहीत. तिने नवऱ्याला फोन केला.

"घरी ये."

"काय झालं?"

"तू ये."

त्या संध्याकाळी ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "आवाज मोजायचं काम माझं, आणि मलाच कळू नये?" नवरा म्हणाला, "मी पण याच घरात राहतो ना गं."

तपासण्या झाल्या. थोडं ऐकू येत होतं, बरंचसं येत नव्हतं. काही आठवड्यांनी ठमीच्या दोन्ही कानांमागे शेंगदाण्याएवढी यंत्रं बसली. घरातले ओळखीचे आवाज ऐकवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. दार झालं, चमचा झाला, बाबांचं खोकणं झालं. मग आईने मला सुरू केलं.

माझे पंखे फिरले, शिट्टी निघाली. ठमी दचकली. तिने मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

मला बंद करायला बाबांचा हात पुढे आला. आईने तो धरला.

"राहू दे. जरासं."

आता मी म्हातारा झालोय. एका पंख्याची खरखर होते, नवे खेळ मला झेपत नाहीत. मला काढायचं बोलणं चालू आहे, आणि ते योग्यच आहे. एवढीच विनंती, माझ्या जागी अगदीच अबोल कुणी आणू नका.

ठमी चार वर्षांची झाली. आईच्या टेबलाखाली खेळताना ती कानांवर हात ठेवून ओरडते, "आई, याला गप्प कर ना!"

आई उठते. पण सावकाश उठते.