भुरी कोणाची

जबलपूरच्या तिलवाऱ्याच्या पुलाजवळ ती कुत्री रुचिरालाच दिसली होती. तिचा नवरा आलोक गाडी चालवत होता आणि पुढच्या ट्रकवर चिडत होता. रुचिराने त्याला थांबायला लावलं, कठड्याला चिकटून थरथरणारा तो जीव स्वतःच्या ओढणीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन घरी आणला. त्यामुळे तिच्या मनात शंकाच नव्हती. भुरी तिची होती.

मागचा पाय सोलवटलेला, एका डोळ्यातून सारखं पाणी. रुचिराने बँकेतून रजा काढली. जखमा धुतल्या, डोळ्यात औषध घातलं, इंजेक्शनांसाठी उचलून नेलं, कलेजी उकडून घातली. जखमा भरल्या, भीती मात्र गेली नाही. कुकरची शिट्टी झाली की भुरी दिवाणाखाली शिरायची. फाटकासमोरून स्कूटर गेली की पिसाटल्यासारखी अंगावर धावायची. शेजारपाजारचे लोक पलीकडच्या कडेने चालू लागले. रुचिराने हात पुढे केला तरी ती दात दाखवून गुरगुरायची.

"नाराज़ नहीं है मॅडम, डरती है," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "सुई, दवा, सब आप ही के हाथ से हुआ ना."

आलोक फॅक्टरीतून यायचा, बूट काढायचा आणि चहा घेऊन भिंतीला टेकून खालीच बसायचा. मोबाइल बघायचा. भुरीकडे ढुंकूनही पाहायचा नाही. एका संध्याकाळी भुरी दिवाणाखालून निघाली, पोट जमिनीला घासत त्याच्यापर्यंत गेली आणि त्याच्या पावलावर हनुवटी टेकून पडली.

रुचिरा पोळ्या लाटायच्या सोडून दारात येऊन उभी राहिली.

"काय केलंस तू?"

"मी? मी तर काहीच करून नाही राहिलो."

तेच तिला झोंबलं. या माणसाला काही न करता सगळं मिळायचं. लेक दुर्वा लहान असताना तापात रुचिरा तिच्या उशाशी बसायची. बरं वाटलं की पोरगी धावायची बाबाकडे. आता ती पुण्याला शिकायला होती, तरी फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं : "आई, बाबा आहेत का जवळ?"

भुरी आलोकजवळ झोपलेली दिसली की रुचिरा कलेजीचा तुकडा दाखवून तिला मुद्दाम उठवायची. भुरी तुकडा घ्यायची आणि परत त्याच्याकडे जायची. मग रुचिरा आलोकवर कशावरूनही चिडायची. ओला टॉवेल, उघडा नळ, काहीही पुरायचं.

अशातच आलोकला ट्रेनिंगसाठी नागपूरला जावं लागलं. तो निघाला त्याच दुपारी रुचिराने त्याचे सगळे कपडे, चादर, गमछासुद्धा धुवायला टाकला. धुण्याचा दिवस नव्हता. पण घरात त्याचा वास राहायला नको होता, हे तिला मनातल्या मनात पक्कं ठाऊक होतं.

भुरीने जेवण सोडलं. दाराशी नाक लावून बसून राहिली. रुचिराने चुचकारलं, हाताने भरवायला गेली, शेवटी पट्टा लावून बळेच बाहेर काढलं. कोपऱ्यावर स्कूटर आली. भुरी उसळली, रुचिराने पट्टा जोरात आवळून तिला जवळ ओढलं, आणि भुरीने वळून तिचं मनगट धरलं.

दवाखान्यातून पट्टी बांधून, इंजेक्शन घेऊन आल्यावर तिने आलोकला फोन लावला.

"ये आणि घेऊन जा तुझी कुत्री."

"माझी कशी? तू आणली."

"मग ती तुलाच काहून शोधून राहिली?" रागात तिच्या सातारी तोंडात जबलपूरची बोली आली.

आलोक म्हणाला, "रुचि, तू तिच्याजवळ गेली की तुला काहीतरी पाहिजे असते. दवा घालायची असते, नाहीतर तिनं लाड करून घ्यायला पाहिजे असतात. मला तिच्यापासून काहीच नको असते. एवढंच."

तिला फोन आपटावासा वाटला. पण स्पीकरवरचा त्याचा आवाज ऐकून दाराशी भुरीचे कान उभे राहिले होते. रुचिराने फोन भुरीच्या ताटलीजवळ जमिनीवर ठेवला.

"बोलत राहा," ती म्हणाली आणि आत गेली.

आलोक मेसच्या पातळ वरणाबद्दल बोलत राहिला. ताटली चाटल्याचा आवाज आला, तेव्हा ओट्याला टेकून रुचिरा रडत होती. भुरी जेवली म्हणून, आणि आपल्यासाठी जेवली नाही म्हणूनही.

दुसऱ्या दिवसापासून तिने भुरीला हाका मारणं सोडलं. पहाटे रिकाम्या मैदानावर पट्टा ढिला धरून चालायची. लांबून स्कूटरचा आवाज आला की भुरी भुंकायच्या आतच रुचिरा तिला घेऊन दुसरीकडे वळायची आणि कलेजीचे तुकडे गवतात टाकायची. भुरीकडे बघायची नाही. हे फार कठीण होतं. हळूहळू ती भुरीला रस्त्याच्या कडेने नेऊ लागली, स्कूटर जवळून जाऊ लागल्या. एका सकाळी भुरीने जाणाऱ्या गाडीकडे पाहिलं, भुंकली नाही, आणि मान वर करून रुचिराच्या तोंडाकडे पाहिलं. रुचिराने घाईघाईने तुकडा टाकला.

आलोक परतला, तेव्हा भुरी रुचिराला ओलांडून त्याच्या अंगावर झेपावली. रुचिराला ते पूर्वीसारखंच झोंबलं. तिने मुकाट्याने त्याची बॅग उचलली.

संध्याकाळी तिघंही फिरायला निघाले. "आण, मी धरतो," म्हणत आलोकने पट्टा घेतला. वळणावर एक बुलेट फाडफाड आवाज करत समोर आली. भुरी ताठरली.

"भुरी, काही नाही ना, इकडे ये," आलोक म्हणाला.

भुरीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती मागे सरली, रुचिराच्या पायांमागे शिरली आणि तिच्या साडीला अंग चिकटवून उभी राहिली. रुचिराने आलोकच्या हातून पट्टा घेतला आणि ती शांतपणे बाजूच्या गल्लीत वळली. भुरी तिच्याबरोबर चालू लागली.

मागून आलोक आला. "अजब आहे यार," तो म्हणाला. "मी आवाज देऊन राहिलो, अन् तिला पर्वाच नाही. एवढे दिवस माझ्याच पायाशी झोपत होती ना?"

ती ठणक रुचिराच्या चांगलीच ओळखीची होती. तिला त्याची दया आली. पण पट्टा मात्र तिने त्याला परत दिला नाही.