घरबशा लीगचा पंच

घरबशा लीगमध्ये अर्धा गोल असायचा. जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही, पण यांच्यात होता, आणि तो कसा आला हे आधी सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, हा काय वेड्यांचा बाजार!

तेव्हा सगळे बिनलग्नाचे होते. चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत पडीक असायचे. एक चष्म्याच्या दुकानात काचा घासायला शिकत होता, दुसरा वडिलांच्या हाताखाली बेकरीत पीठ मळत होता, तिसरा नुकताच शाळेत भूमिती शिकवायला लागला होता. बाकी चार-दोन येऊन-जाऊन. खेळ साधा होता. खऱ्या फुटबॉल लीगमधले खरे खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे. आपल्या वाट्याच्या खेळाडूनं गोल मारला की गुण आपल्याला. स्वतः चेंडूला पाय म्हणून लावायचा नाही. बेकरीवाल्याच्या आईनं हा प्रकार बघितला आणि म्हणाली, "मेल्यांनो, ही कसली लीग? घरबशा लीग!" तेच नाव पडलं.

भांडणं पहिल्या आठवड्यापासून. ज्याचा संघ तोच निकाल देतो म्हटल्यावर काय होणार? मास्तर तर स्वतःच्या खेळाडूनं मारलेल्या शिट्टीचेही गुण मागायचा. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, चष्मेवाल्याचं नाव निघालं, आणि तो पंच झाला. पंचाला संघ नाही, हे त्याच दिवशी ठरलं. त्याला जरा वाईट वाटलं, कारण त्यानं मनात एक झकास गोलकीपर हेरून ठेवला होता. पण म्हणाला, चला, कुणीतरी शहाणं असायला हवंच.

आता तो अर्धा गोल. पेपरात गोल मारणाऱ्याचं नुसतं आडनाव छापून यायचं. एका संघात दोन सख्खे भाऊ खेळत होते. थोरला मास्तरकडे, धाकटा बेकरीवाल्याकडे. सोमवारी पेपरात आडनाव आलं, गोल एक. दोघंही हटून बसले. मास्तर म्हणे थोरल्याचा, बेकरीवाला म्हणे धाकट्याचा, आणि सामना बघितलेला एकही नाही. पंचानं डोकं खाजवलं आणि निकाल दिला: अर्धा गोल याला, अर्धा त्याला. महिन्याभरानं कुठल्याशा मासिकात फोटो आला, तर गोल धाकट्यानं मारलेला! बेकरीवाला मासिक नाचवत आला. पंच म्हणाला, "निकाल झाला की झाला." झालं, तेव्हापासून अर्धा गोल लीगमध्ये कायमचा राहायला आला.

पुढे लग्नं झाली, पोटं सुटली. चष्मेवाल्याचं स्वतःचं दुकान झालं. बायकोचा धाकटा भाऊही लीगमध्ये शिरला. सोमवारी बाजार बंद. त्या दुपारी शटर अर्धं खाली ओढून सगळे दुकानाच्या मागच्या खोलीत जमायचे. तिथे काचा घासायचं चाक होतं, तीन खुर्च्या होत्या, भिंतीवर नजर तपासायचा तक्ता होता. बेकरीवाला भुवयांवरचं पीठ न झटकता यायचा. वाद पेटला की पंच म्हणायचा, "आधी खालून दुसरी ओळ वाच, मग मला ऑफसाइड शिकव." आणि मास्तरला ती ओळ कधीच वाचता यायची नाही. अहाहा, काय दुपारी होत्या त्या! घसा बसेपर्यंत भांडायचे आणि एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून घरी जायचे.

मग मेव्हण्यानं ॲप आणलं.

"दाजी, सगळं आपोआप होतं. गुण, बेरीज, नंबर. वाद नाही, कटकट नाही. तुमच्या डोक्याचा ताप गेला म्हणून समजा."

ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे पडले. चष्मेवाल्यानंही टाकला. नको म्हणायला कारण काय सांगणार, कपाळ? "आता पंच नको, म्हणजे तुम्हीही संघ घ्या की," मेव्हणा म्हणाला. पोरगा गुणी आहे, त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण हे वाक्य दाजीच्या छातीत रुतून बसलं.

संघ घेतला. पहिल्या सोमवारी त्यानं शटर अर्धं ओढलं, खुर्च्या पुसल्या आणि वाट बघत बसला. कुणी आलं नाही. येतील कशाला? गुण ज्याच्या त्याच्या खिशात आलेले. पुढच्या सोमवारीही तेच. त्याच्या पुढच्या सोमवारी तो घरीच राहिला आणि पंख्याकडे बघत पडला.

"अहो, तुम्हीच म्हणायचात ना, सोमवारी डोकं उठतं म्हणून?" बायको म्हणाली.

"उठायचं तेच बरं होतं गं," तो म्हणाला. "भांडण होतं तोवर मी लागत होतो. आता कोण कशाला माझ्याकडे येतंय?"

खरं होतं ते.

हंगाम संपत आला. तळाला दोघं होते, तो आणि बेकरीवाला. शेवटचा कोण, एवढंच ठरायचं होतं. अशात रविवारी त्याच्या खेळाडूनं फटका मारला, चेंडू समोरच्या बचावपटूच्या गुडघ्याला लागला आणि जाळ्यात गेला. ॲपनं गोल त्या गुडघ्याच्या नावावर टाकला. स्वयंगोल! याला शून्य.

उभ्या आयुष्यात ज्यानं कधी गुण मागितला नाही, त्यानं फोन उचलला आणि मास्तरला लावला.

"माझा गोल खाल्ला."

"कुणी?"

"ॲपनं."

पलीकडे मास्तरचा आवाज एकदम वीस वर्षांनी तरुण झाला. "उद्या शटर ओढून ठेव. बाकीच्यांना मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी मास्तर, बेकरीवाला, मेव्हणा, तिघंही हजर. बेकरीवाला दारातूनच ओरडला, "तू? भांडायला? लेका, तुझी तब्येत बरी आहे ना?"

मेव्हण्यानं फोनवर त्या फटक्याचा व्हिडिओ लावला. "दाजी, ॲपमध्ये दाद मागायची सोयच नाही हो," तो कसनुसा म्हणाला.

"मग आम्ही काय मेलो?" मास्तर म्हणाला. त्यानं चष्म्याच्या खोक्याचं झाकण ओढलं आणि त्यावर रेघा मारायला लागला. फटका गोलाकडेच चालला असेल, तर गुडघा लागो नाहीतर डोकं, गोल मारणाऱ्याचाच. हा यांचा जुना कायदा. "हा बघ कोन. सरळ आत!"

"आत? अरे बाहेर चालला होता तो! तुझ्या भूमितीवर पाव तरी भाजतो का?"

"तू शेवटचा येशील म्हणून बोंबलतोयस!"

"आणि तुला खालून दुसरी ओळ दिसत नाही, तू कोन मोजतोयस!"

मेव्हणासुद्धा पेटला. फोन टेबलावर पडला, त्याच्याकडे कुणी बघेना. चष्मेवाला खुर्चीत बसून एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. आपण फिर्यादी आहोत हेच तो विसरला होता.

शेवटी घसे बसले. तिघंही त्याच्याकडे वळले.

"बोल, पंच," बेकरीवाला म्हणाला.

"अरे, गोल माझा. मी कसा निकाल देऊ?"

"मग कोण देणार, हा फोन?" बेकरीवाल्यानं कपाळावरचा घाम पुसला. "तू बोल. तू म्हणशील ते मला चालेल."

हे बोलत कोण होतं? गोल दिला तर ज्याचा नंबर जाणार होता तो! चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि फटका परत परत बघितला. गोल असावा असं त्याला मनापासून वाटत होतं. पण चेंडू बाहेर चालला होता. चांगला हातभर बाहेर.

"गोल नाही," तो म्हणाला.

"काय?" मास्तर ताडकन उठला. "चष्म्यांचं दुकान काढून बसलायस आणि एवढं दिसत नाही? गोल होता तो! तुझाच होता!"

"थांब थांब," बेकरीवाल्यानं फोन ओढला. "बघू. अरे, मला तर आता आत जाताना दिसतोय. याला गोल द्या. शेवटचा मी येतो."

"तू गप्प बस! आत्ता बाहेर म्हणत होतास!" मेव्हणा ओरडला, आणि तिघं पुन्हा एकमेकांवर तुटून पडले. या वेळी पंचाच्या बाजूनं, पंचाच्याच विरुद्ध.

त्यानं टेबलावर हात आपटला. "निकाल झाला की झाला! पंचाशी हुज्जत नाही!"



संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायकोनं दारातच विचारलं, "काय झालं हो?"

"शेवटचा आलो," तो म्हणाला आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. तिनं घाबरून भावाला फोन लावला, यांना झालंय तरी काय म्हणून विचारायला. तर तिकडे त्याचं आणि मास्तरचं अजून चालूच होतं.