इस्का आजीचा हात

चपला चिकटवायच्या सोल्यूशनची पिशवी रेंजोच्या नाकाला पहिल्यांदा मीच लावली, उगाच साव कशाला बनू. चौदा वर्षांचं पोरगं भुकेने कळवळत होतं. दोनदा हुंगल्यावर भूक गेली, महिन्याभरात भीतीही गेली. मला असाच जोडीदार हवा होता.

त्या रविवारी भर दुपारी फिलिपिन्समधल्या आमच्या सेबू शहराच्या बंदरामागच्या बोळात इस्का आजी चर्चमधून एकटीच येताना दिसली. गळ्यात सोन्याची साखळी होती.

"तू साखळी ओढ, मी तोंड दाबते," मी म्हणाले.

"मग सोल्यूशनचा अख्खा डबा घेऊ ना, ताई?"

"आधी ओढ, मग बडबड."

त्याने ओढली. आजी कोसळली आणि आधारासाठी तिने हात पुढे केला. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाने हात पुढे केला की लेकराने तो कपाळाला लावायचा असतो. या शहाण्याने गुडघे टेकले, साखळी खिशात कोंबली आणि तिचा हात कपाळाला लावला.

आजीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू मिलाग्रोसचा पोरगा ना रे?"

ओळख पटली म्हणजे खेळ खलास. मी दगड उचलला आणि तिच्या डोक्यात घातला. ती पुन्हा बोलली नाही.

"चल," मी त्याची कॉलर ओढली. तो हलेना. डोळे मिटून, तिचा हात कपाळाला धरून तसाच बसला होता.

"थांब ना, ताई," तो म्हणाला. "आजीने अजून आशीर्वाद दिला नाही."